शिट्टीविना लेझीम: कर्णबधिर तरुणांच्या एका पथकाचा प्रकरण अभ्यास

लेझीम शिकवणाऱ्याचे सगळे काम आवाजावर चालते. तो प्रकाराचे नाव मोठ्याने पुकारतो, शिट्टी वाजते, हलगीची चाल बदलते आणि पन्नास जणांची रांग एका क्षणी नव्या प्रकारात शिरते. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे भाग वेगळे करून पाहण्याची गरज सहसा कुणालाच भासत नाही. प्रस्तुत प्रकरणात ती गरज पहिल्याच सरावाला निर्माण झाली, कारण पथकातील बहुतेकांपर्यंत पुकारा, शिट्टी आणि हलगी यांपैकी काहीच पोहोचत नव्हते.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कर्णबधिर तरुण-तरुणींचा एक गट रविवारी एकत्र जमत असे. शिवणकाम करणाऱ्या, छापखान्यात किंवा गॅरेजमध्ये राबणाऱ्या, संगणकावर नोंदी करणाऱ्या अशा 18 ते 35 वयाच्या 24 जणांचा हा गट होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपणही लेझीम खेळावे, ही मागणी त्यांची स्वतःची होती. कुणा संस्थेने त्यांच्यासाठी आखलेला तो उपक्रम नव्हता. मिरवणूक काढणाऱ्या मंडळाने होकार दिला, मात्र मंडळाचे 10 जुने लेझीमवाले याच पथकात खेळतील, अशी अट घातली. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असल्यामुळे शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या वारंवारतेवर, 70 डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर गणली जाते. गटातील बहुतेक जण या व्याख्येत बसत होते, तिघे श्रवणयंत्र वापरत होते आणि एकाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायचे ऐकण्याचे उपकरण, बसवलेले होते.

लेझमीचे शिक्षण महाराष्ट्रातील शाळांत आणि व्यायामशाळांत दीर्घकाळ होत आले आहे, आणि 1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राच्या लेझीम पथकाने ते देशापुढे नेले. शिकवण्याच्या परंपरेत घाटी आणि हिंदुस्थानी असे दोन ढंग मानले जातात. आठ आवाज, बैठक आवाज, दो फेरकी, चौ फेरकी, कदमताल हे प्रकार घाटी लेझमीत येतात, तर चार आवाज, एक जगह, पवित्रा, दो रूख, चौ रूख हे हिंदुस्थानी लेझमीत. आम्ही दोन्हींतून निवड केली. ही निवड करतानाच लक्षात आले की अडचण हातापायांची मुळीच नव्हती. लेझीम उघडणे, मिटणे, वाकणे, पाऊल टाकणे या गोष्टी गटाने कोणत्याही नव्या तुकडीइतक्याच, किंबहुना अधिक लवकर उचलल्या, कारण पाहून शिकण्याची सवय त्यांना जन्मभराची होती. सगळा प्रश्न पुकाऱ्याचा होता.

पुकाऱ्यात काय काय असते

बारकाईने पाहिले, तर लेझमीच्या पुकाऱ्यातून खेळणाऱ्याला तीन वेगवेगळ्या गोष्टी कळतात. पुढचा प्रकार कोणता, हे नावावरून कळते. तो केव्हा सुरू करायचा, हे शिट्टीवरून. आणि कोणत्या गतीने करायचा, हे हलगीवरून. ऐकू येणाऱ्याला हे तिन्ही एकाच कानातून मिळत असल्यामुळे त्याचे डोळे रांग सांभाळायला आणि शेजाऱ्याचे पाऊल पाहायला मोकळे राहतात. कर्णबधिर खेळाडूसाठी आपण या तिन्ही गोष्टी दृश्य खुणांमध्ये बदलल्या, तर रांगेचे काम धरून चार कामे एकट्या डोळ्यांवर येऊन पडतात. पुढे उभे राहून हातवारे करणे, हा कुणालाही सुचणारा उपाय यामुळेच फार लवकर तोकडा पडतो.

आमच्या सरावात तो नेमका कुठे तोकडा पडला, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. चार आवाज आणि एक जगह हे प्रकार समोर तोंड करूनच खेळायचे असल्यामुळे पुढे उभ्या असलेल्या म्होरक्याची खूण सर्वांना दिसत होती आणि पथक उत्तम चालत होते. दो रूखमध्ये खेळणारे दिशा बदलतात, चौ रूखमध्ये तर चारही दिशांना तोंड करतात. आम्ही प्रत्येक दिशेला 4 अंक, म्हणजे तालाचे 4 ठोके, ठेवले होते. म्हणजे चौ रूखचे एक आवर्तन 16 अंकांचे झाले, आणि त्यातले केवळ 4 अंक खेळाडूचे तोंड म्होरक्याकडे असे. सरावाच्या संथ गतीत, मिनिटाला 80 अंक धरले, तर 12 सेकंदांच्या आवर्तनात म्होरक्या 3 सेकंद दिसत होता. मिरवणुकीच्या 120 अंकांच्या गतीत 8 सेकंदांपैकी अवघे 2 सेकंद उरतात. उरलेल्या वेळेत खूण चुकेल या धास्तीने खेळाडू मान वळवून मागे पाहू लागले. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर लेझीम तिरपी होते आणि पाऊल अर्धा अंक उशिरा पडते. शेजारचा त्याच्याकडे पाहून खेळत असल्यामुळे त्याला आणखी उशीर होतो. परिणामी प्रकार बदलताना रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ज्वारीच्या उभ्या पिकातून वारा जावा तशी, लाट सरकत जाताना स्पष्ट दिसत होती.

यावर चार बाजूंना चार म्होरके उभे करण्याची सूचना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी केली. मैदानावर ती शक्य होती, परंतु चालत्या मिरवणुकीत बाजूला उभा असलेला माणूस गर्दीत दिसणार नाही आणि चौघांच्या खुणांत फरक पडला तर गोंधळ वाढेल, म्हणून ती स्वीकारली नाही. त्याऐवजी 'कोणता' आणि 'केव्हा' या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या. प्रत्येक प्रकार 8 आवर्तनेच खेळायचा, हे कायमचे ठरवले. त्यामुळे 'केव्हा' हे सांगण्याची गरजच उरली नाही. ते मोजण्याचे काम प्रत्येकाच्या अंगात गेले. म्होरक्याकडे फक्त पुढच्या प्रकाराचे नाव उरले, आणि तेही त्याने सहाव्या व सातव्या आवर्तनात, पथकाचे तोंड आपल्याकडे असेल त्या अंकांवर, अशा दोन वेळा दाखवायचे होते. एखाद्याची एक खूण हुकली, तरी दुसरी मिळत असे.

अमेरिकेतील स्क्वेअर डान्स आणि कॉन्ट्रा डान्सच्या प्रथेशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. तिथला पुकारणारा, ज्याला कॉलर म्हणतात, पुढच्या आकृतीचे नाव चालू आकृतीच्या शेवटच्या अंकांवर उच्चारतो, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाऊल नव्या ओळीच्या पहिल्याच अंकावर पडते. आपल्याकडे प्रकाराचे नाव आणि शिट्टी अगदी लागोपाठ येतात, कारण कवायतीचा तो वारसा आहे. माझ्या मते आधी नाव आणि मग पुरेसा अवकाश हीच पद्धत कोणत्याही नव्या तुकडीसाठी अधिक चांगली आहे, मग त्या तुकडीला ऐकू येवो वा न येवो.

खुणा कुणी ठरवाव्यात

भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण यांसाठी 2015 साली दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते आहे. गटातील अनेक जण सांकेतिक भाषा सफाईने वापरत होते. तरीही दैनंदिन बोलण्याची सांकेतिक भाषा मैदानावर जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात बोटांच्या आकाराला आणि चेहऱ्यावरच्या हावभावांना फार महत्त्व असते, आणि दहा मीटरवरून, तेही उड्या मारताना, ते दिसत नाहीत. प्रकारांसाठी संपूर्ण हाताच्या मोठ्या खुणा लागणार होत्या.

या खुणा गटानेच ठरवल्या. पथकाची म्होरकी म्हणून त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एका जन्मतः कर्णबधिर तरुणीची निवड केली, कारण तिची खूण लांबूनही स्वच्छ वाचता येते, असे सर्वांचे मत पडले. तिचा धाकटा भाऊ दुभाष्याचे काम करत असे. बैठकीसाठी दोन्ही तळवे खांद्याच्या उंचीवरून कमरेपर्यंत दाबत आणायचे, दो रूखसाठी दोन्ही हात दोन दिशांना ताणायचे, चौ रूखसाठी बंद मूठ डोक्यावरून पूर्ण फिरवायची, अशा खुणा निश्चित झाल्या. कदमतालासाठी मी गुडघा उचलून दाखवण्याचे सुचवले होते. त्यावर तिने काही वेळ हातांनी समजावले आणि भाऊ म्हणाला, "सर, ताई म्हणतेय, मागच्या रांगेला माझा गुडघा दिसणारच नाही. पुढच्यांची डोकी मध्ये येतात. छातीच्या वर जे असेल तेच दाखवायचं." हा नियम पुढे प्रत्येक खुणेला लागू केला. तिने स्वतः लेझीम धरायची नाही, गडद रंगाचा बिनानक्षीचा पोशाख घालायचा आणि हातात पिवळा रुमाल घ्यायचा, हेही तिथेच ठरले. सांकेतिक भाषेचे दुभाषे याच कारणासाठी हातांच्या रंगाशी विरोध साधणारे साधे कपडे वापरतात.

ढोल, हलगी आणि हातातली लेझीम

कर्णबधिर माणसे कंपनांवर नाचतात, हा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धाच खरा आहे. प्रसिद्ध स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी रंगमंचावर अनवाणी वाजवतात, कारण नाद त्यांना शरीरातून जाणवतो. परंतु त्यामागे आयुष्यभराची साधना आहे आणि बहुतेक वेळा पायाखाली लाकडी रंगमंच आहे. आमच्या अनुभवात जमिनीचा फरक फार मोठा ठरला. शाळेच्या सभागृहातील लाकडी व्यासपीठावर ढोलाचा ठोका तळपायांतून सर्वांना मिळत होता. मैदानाच्या मातीत तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि डांबरी रस्त्यावर तर ढोल अगदी जवळ असेल तेव्हाच छातीत धडक जाणवत असे. हलगीचा आवाज उंच आणि कोरडा असतो. त्वचेला जाणवतात ते मुख्यतः खालचे, जड नाद, त्यामुळे हलगी या गटाला जवळजवळ काहीच देत नव्हती.

हलगी वाजवणाऱ्या तात्यांना हे पटवणे सोपे नव्हते. अनेक वर्षे पथकाची गती त्यांच्या काठ्यांवर ठरत आली होती आणि रंगात आल्यावर चाल कधी बदलायची, हा त्यांचा अधिकार होता. "मास्तर, हलगीनं लेझीम चालवायची की लेझमीनं हलगी?" असे त्यांनी सरळ विचारले. त्यांना मी एका सरावात चार आवाजच्या मध्यावर वादन पूर्ण थांबवण्याची विनंती केली. वाद्ये थांबल्यावर मंडळाचे जुने खेळाडू दोन-तीन अंकांतच चाचपडले, आणि कर्णबधिर रांग मात्र आठही आवर्तने पुरी करून एका अंकावर थांबली. तात्यांनी हलगी खाली ठेवली, रांगेजवळ जाऊन एका मुलाची लेझीम हातात घेतली आणि दोनदा उघडून मिटून पाहिली.

रांग कशाच्या आधाराने चालली, याचे उत्तर त्या लेझमीतच आहे. साखळी ताणली जाते तेव्हा चकत्यांचा हिसका मनगटात येतो आणि मूठ दांड्यावर परतते तेव्हा तळहाताला ठोका बसतो. प्रत्येक अंक खेळणाऱ्याच्या हातात वाजतो. तो कानाने ऐकावा लागत नाही. नुसत्या पावलांचा नाच घेतला असता, तर हातातला हा आधार मिळाला नसता. दुसरा आधार शेजाऱ्याच्या हालचालीचा. सरळ रांगेत डोळ्यांच्या कडेला फार तर एक शेजारी दिसतो, म्हणून रांगांना किंचित कमानीचा आकार दिला, ज्यामुळे प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे दोन-तीन जण मान न वळवता दिसू लागले. पूर्वी सांगितलेली लाट या बदलानंतर बरीच ओसरली. ढोल आम्ही ठेवला, परंतु गती सुरू करून देण्यापुरता आणि रांगेच्या अगदी निकट. तात्यांनी नंतर आपणहून म्होरकीच्या रुमालाकडे पाहून चाल बदलायला सुरुवात केली.

मंडळाच्या 10 खेळाडूंची अडचण उलट दिशेची होती. हलगीतला बारीकसा बदलही त्यांचे पाय उचलायला पुरेसा असे, त्यामुळे ते खुणेची वाट न पाहता पुढे जात. त्यांना एकत्र न ठेवता प्रत्येक दोन-तीन कर्णबधिर खेळाडूंच्या मध्ये एक असे विखुरले, तेव्हा ते रांगेत मिसळले.

तोल, यंत्रे आणि वगळलेले प्रकार

फेरकीच्या प्रकारांत मात्र खरी शारीरिक मर्यादा समोर आली, आणि कर्णबधिर गटाला कोणताही नाच शिकवणाऱ्याने ती आधीच जाणून घ्यायला हवी. ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे अवयव आंतरकर्णात एकमेकांना लागून असतात. ज्या कारणाने श्रवण गेले, त्याच कारणाने काहींच्या बाबतीत तोलाची यंत्रणाही दुबळी झालेली असते. अशी माणसे डोळ्यांच्या आणि पायांच्या आधारावर दैनंदिन व्यवहार इतके सहज करतात की ते कुणाच्या ध्यानात येत नाही. भरभर गिरकी घेतली की जग डोळ्यांपुढून सरकते आणि आधार सुटतो. गटातील चार-पाच जण दो फेरकीत हेलपाटत होते. त्यांना नजर एका ठरावीक वस्तूवर शेवटपर्यंत रोखून मग मान झटकन फिरवण्याचा सराव दिला, त्याचा दोघांना चांगला उपयोग झाला. इतरांसाठी पूर्ण गिरकीऐवजी अर्धे वळण ठेवले आणि ते सर्वच पथकाने घेतले, म्हणजे रांगेत कुणी वेगळा दिसू नये. चौ फेरकी पूर्णपणे वगळली. मिरवणूक संध्याकाळी निघणार होती आणि अंधारात डोळ्यांचा आधारही कमी होतो, हे त्यामागचे मुख्य कारण होते. प्रकार वगळल्याने नाच उणा होतो, असे मला वाटत नाही. गावोगावची पथके आपापल्या ताकदीप्रमाणे निवड करतच आली आहेत.

श्रवणयंत्रांचा प्रश्न घरच्या मंडळींनी उपस्थित केला आणि तो योग्य होता. ढोलाजवळचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि यंत्र तो कानात आणखी तीव्र करून सोडू शकते. उरलेले श्रवण जपणे ज्याच्याकडे थोडेच उरले आहे त्याच्यासाठी अधिक महत्त्वाचे असते, म्हणून तिघांनी आपल्या श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्याने खेळताना यंत्रे काढून ठेवली. कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग चुंबकाने डोक्याला चिकटलेला असतो आणि उडी मारताना निसटतो. शिवाय त्या जागी लेझमीचा दांडा लागणे धोक्याचे. त्या खेळाडूने बाहेरचा भाग घरी ठेवला, त्याला रांगेच्या टोकाला जागा दिली आणि एकूणच दोन खेळाडूंमधले अंतर नेहमीपेक्षा एक हात वाढवले.

मिरवणुकीत

म्होरकीला एका हातगाड्यावर, पथकाकडे तोंड करून उभे केले होते. उलटे चालत खुणा करणे रस्त्यावर सुरक्षित नव्हते आणि उंचीमुळे मागच्या रांगेलाही ती दिसत होती. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड पडेल असा एक दिवा गाड्याला बांधला होता. दोन्ही बाजूंनी दोर धरणारे कार्यकर्ते होते, परंतु त्यांचे काम नेहमीचे नव्हते. गर्दी पथकात घुसू नये एवढ्यावर भागणार नव्हते. म्होरकी आणि पहिली रांग यांच्यामधली जागा पूर्ण रिकामी राहायला हवी होती. सर्वाधिक त्रास याच ठिकाणी झाला. मोबाइलवर चित्रण करणारे लोक कौतुकाने नेमके त्या जागेत येऊन उभे राहत, आणि त्यांच्या पाठीमागे खूण झाकली जाई. दोनदा पुढच्या प्रकाराचे नाव अर्ध्या पथकाला मिळाले नाही. अशा वेळी काय करायचे, हे सरावात ठरलेले होते: खूण मिळाली नाही, तर चार आवाजवर परतायचे. पाहणाऱ्यांना चूक झाल्याचे कळलेही नसावे.

मुख्य पेठेत शेजारच्या मंडळाच्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढून जाताना तात्यांची हलगी आणि आमचा ढोल दोन्ही पूर्णपणे बुडाले. मंडळाच्या जुन्या खेळाडूंनी त्या पट्ट्यात आपापल्या शेजारच्या कर्णबधिर खेळाडूकडे पाहून पावले टाकली.

चौकातील वळणाचा प्रश्न मात्र समाधानकारक सुटला नाही. काटकोनात वळताना हातगाडा कोपऱ्यापलीकडे जातो आणि मागच्या रांगांना म्होरकी सुमारे अर्धा मिनिट दिसतच नाही. त्या वेळेपुरते पथक कदमतालावर ठेवून आम्ही वळण पार केले, परंतु बाहेरच्या बाजूच्या खेळाडूंना लांब पावले आणि आतल्यांना जागेवर पावले टाकावी लागत असल्यामुळे कमान मोडली आणि ती पुन्हा जुळायला वेळ लागला. पुढील वर्षासाठी आतल्या कोपऱ्यावर, खोक्यावर उभा असा, खूण पुढे पोहोचवणारा दुसरा माणूस नेमायचे गटाने ठरवले आहे. तो कर्णबधिर खेळाडूंपैकीच असावा आणि त्याचा रुमालही पिवळाच असावा, असा म्होरकीचा आग्रह आहे. वळणावर कदमतालाऐवजी एक जगह घ्यावे की नाही, याबाबत तिचे आणि तात्यांचे एकमत अजून झालेले नाही.